मंगळ-गुरूच्या धुऱ्यावर

माझ्या सेतू केंद्रात तीन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगते.
दिवसा सातबारा, उत्पन्नाचा दाखला, आधारला मोबाइल जोडणे.
रात्री नऊनंतर, नेट जरा मोकळं झालं की
देवाळकर सरांची नववीची पोरं यायची
आकाश तपासायला.

आकाश म्हणजे चार फोटो.
कुठल्या तरी लांबच्या डोंगरावरच्या दुर्बिणीने
आठ-आठ मिनिटांनी काढलेले, राखाडी,
त्यांवर ठिपके, ज्वारीवर चिकटा पडावा तसे.
चारही एकामागून एक फिरवायचे.
जागचे हलत नाहीत ते तारे.
जे हलतं, त्याच्यासाठी ही जागरणं.

आचल खिरटकर पहिल्यांदा ओरडली
तेव्हा तो कॅमेऱ्यातला बिघाड निघाला.
दुसऱ्यांदा ओरडली, तर तो आधीच कुणाच्या तरी नावावर.
मी म्हणालो, "फेरफार झालेला दिसते."
तिसऱ्यांदा ती ओरडली नाही.
माऊसवरचं बोट न उचलता म्हणाली,
"काका, पाय ना. हा सरकून राह्यला."

खरं सांगतो, मला काही दिसलं नाही.
मग दिसलं.
कोळशाच्या मालगाडीचा मागचा दिवा वळणावर
हलतो की नाही ते कळत नाही, तसं.

सरांनी अर्ज पाठवला. अर्ज मला कळतो.
तिकडूनही एक तात्पुरता नंबर आला,
आकडे आणि अक्षरं, आमच्या पोचपावतीसारखा.
कायमचा नंबर मिळायला वर्षं जातात म्हणे:
तो परत परत दिसला पाहिजे,
सांगितल्या जागी, सांगितल्या रात्री.
"हयातीचा दाखला," मी म्हणालो.
सर हसले नाहीत. म्हणाले, "अगदी तेच."

मग माहिती येत गेली, थोडी थोडी,
ज्यांना मेंढोली कुठे आहे ठाऊक नाही अशा माणसांकडून.
राहतो मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या धुऱ्यावर.
त्या धुऱ्यावर असे लाखो; टक्कर क्वचित,
आमच्याकडच्या धुऱ्यांपेक्षा तरी कमीच.
सूर्याभोवती एक फेरी, चार वर्षं आठ महिने.
स्वतःभोवती सहा तास वीस मिनिटं, एका भारनियमनाएवढी.
लांबी तीन किलोमीटर,
म्हणजे आमच्या फाट्यापासून खाणीच्या गेटपर्यंत.
गोल नाही. भुईमुगाच्या शेंगेसारखा, मध्ये दबलेला,
म्हणून फिरताना उजेड कमी-जास्त होतो,
त्यावरूनच तर आकार कळला. कुणी जाऊन पाहिलेलं नाही.
रंग काळा. शंभर भाग ऊन पडलं तर पाच भाग परत करतो,
बाकीचं ठेवून घेतो.
"म्हंजे आपल्या राजूरच्या कोयशावानी," आचल म्हणाली.
तिचे बाबा डंपर चालवतात. काळ्यातले फरक तिला कळतात.

एकसंध दगडही नसावा, असा सरांचा अंदाज.
ढिगारा असावा. कधीतरी फुटलेले तुकडे
नुसत्या एकमेकांच्या ओढीने धरून राहिलेले,
ना सिमेंट, ना मुळं.
दुपारी तीनला खाणीत ब्लास्टिंग होतं, माझा प्रिंटर थरथरतो.
तेव्हा हटकून आठवतो.

नाव द्यायचा हक्क पुढेमागे तिला मिळेल.
सरपंच, पतसंस्था आणि तिची आत्या,
तिघांनी सुचवून ठेवलंय.
ती कुणालाच हो म्हणत नाही.
"आधी थो परत येऊ तं द्या."

दर पंधरा महिन्यांनी तो समोर येतो.
यंदा आला तेव्हा आचल चंद्रपूरला होती,
पॉलिटेक्निकच्या परीक्षेत.
केंद्र बंद करून मी रस्त्यावर उभा राहिलो.
खाणीच्या मातीचे डोंगर, हायमास्टचे दिवे, वर धूळ,
आणि त्याच्याही वर कुठेतरी.
नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही, हे मला माहीत आहे.
त्याचा उजेड इथवर यायला पंधरा मिनिटं लागतात.
माझा ओटीपी दहा मिनिटांत मरतो.

पंधरा मिनिटं थांबलो.
मग शटरला कुलूप लावलं का, ते बघायला मागे फिरलो.